वासराचा वाटा

मुलांनो, तुमच्या घरी किंवा शेजारी गाय आहे का? तिची धार कोण काढते? आई, आजोबा की मोठी बहीण? धार काढताना चरवीत होणारा ‘चुळ्ळ चुळ्ळ’ आवाज तुम्ही ऐकला असेल. आधी तो खणखणीत येतो. चरवी भरत जाते तसा तो मऊ होत जातो. फेस वर येतो. बाजूला बांधलेले वासरू दाव्याला हिसके देत असते. ‘माझा वाटा कुठे आहे?’ असेच जणू ते विचारत असते.

या पाठात आपण धार काढण्याविषयी वाचणार आहोत. त्यासाठी आधी आपल्याला फार लांब जायचे आहे. आपण जपान देशात, टोकियो शहरात जाणार आहोत. मग तेथून परत आपल्या डोंगरातल्या पाड्यांवर येणार आहोत.

टोकियो हे जगातील फार मोठ्या शहरांपैकी एक आहे. तेथे उंच इमारती आहेत. जमिनीखालून आगगाड्या धावतात. रस्त्यांवर माणसांची दाटी असते. अशा शहरात गाई कशा असतील, असे तुम्हांला वाटेल. पण टोकियोत गाई आहेत, गोठे आहेत आणि पहाटे उठून दूध काढणारी माणसेही आहेत. मात्र तेथे दुधाची सवय सर्वांना लागली, त्याला अजून दोनशे वर्षेही झालेली नाहीत.

दूध वासराचे

फार पूर्वी जपानच्या राजदरबारात थोडे दूध येत असे. पण साध्या माणसांच्या घरी दूध पीत नसत. शेतकऱ्याकडे गाय-बैल असत, ते भाताची खाचरे नांगरायला आणि ओझी वाहायला.

१८५६ साली टाउनसेंड हॅरिस नावाचा अमेरिकेचा वकील जपानमधील शिमोदा या गावी राहायला आला. त्याला दुधाची सवय होती. त्याने तेथील अधिकाऱ्यांकडे दूध मागितले. अधिकाऱ्यांना नवल वाटले. त्यांनी सांगितले, की आमच्याकडे दूध पीत नाहीत. गाई शेतीसाठी आणि ओझी वाहण्यासाठी पाळतात. क्वचित वासरू झाले, तर सारे दूध त्या वासरालाच देतात. पुढे हॅरिस आजारी पडला. तेव्हा आसपासच्या खेड्यांतून थोडे थोडे दूध गोळा करावे लागले. त्यासाठी त्याला भारी किंमत मोजावी लागली.

मुलांनो, त्या अधिकाऱ्यांचे उत्तर आपल्याला अनोळखी वाटण्याचे कारण नाही. आपल्या महाराष्ट्रातही असे म्हणणारे लोक आहेत. गडचिरोलीच्या जंगलात माडिया लोक राहतात. गाईचे दूध वासराचे आहे, ते माणसाने घेऊ नये, अशी त्यांच्यात जुनी रीत आहे. माडियांच्या जंगलात जपानचे कोणी गेले नव्हते आणि जपानमध्ये माडिया गेले नव्हते. तरी दोघांच्या मनात एकच विचार आला. असे का झाले असेल?

विचार केला तर कारण सापडते. ज्या शेतकऱ्याचा सारा भरवसा बैलावर असतो, त्याच्या दृष्टीने आजचे वासरू म्हणजे उद्याचा बैल. वासराच्या पोटात गेलेले दूध वाया जात नाही. तीन-चार वर्षांनी तेच वासरू नांगर ओढते. वासरू उपाशी राहिले तर बैल कमजोर निघतो. मग नांगरट अडते आणि घरात धान्य कमी येते. म्हणून दूध वासराला ठेवणे हा त्या लोकांचा शहाणपणाच होता.

पांढऱ्या गाई

टोकियो शहराचे जुने नाव एदो असे होते. १८६८ साली ते बदलून टोकियो झाले. एदोमध्ये शोगुन राहत असे. शोगुन म्हणजे तेथील सर्वांत मोठा सेनापती. राज्यकारभार तोच पाहत असे.

योशिमुने नावाच्या शोगुनने १७२८ साली एदोजवळच्या मिनेओका येथील कुरणात तीन पांढरी गुरे आणून ठेवली. ती भारतातील जातीची होती, असे सांगतात. त्यांची संख्या हळूहळू वाढत गेली. त्यांचे दूध साखर घालून आटवत आणि त्याच्या वड्या करत. आपल्याकडच्या खव्याच्या वडीसारखाच तो प्रकार म्हणा ना! पण ती वडी खाऊ म्हणून मिळत नसे. ती औषध म्हणून जपून ठेवत. आज मिनेओकाला जपानच्या दूधव्यवसायाचे जन्मस्थान मानतात. म्हणजे जपानच्या दुधाच्या गोष्टीत आपल्याकडच्या गाईचाही पाय लागला आहे.

शहरातील गोठे

१८६८ नंतर जपानमध्ये मोठे बदल झाले. परदेशी लोकांचे येणे-जाणे वाढले. दूध प्यावे, त्याने अंगात ताकद येते, असे डॉक्टर सांगू लागले. टोकियोत सरदारांचे मोठमोठे वाडे ओस पडले होते. त्या जागांवर काही लोकांनी गोठे उभारले. ज्यांनी पूर्वी कमरेला तलवार लावली होती, त्यांच्यापैकी काहींनी हातात दुधाची भांडी घेतली. श्रम कोणतेही असोत, ते हलके नसतात, हे त्यांनी कामातून दाखवून दिले.

इतो साचिओ हे जपानचे एक प्रसिद्ध कवी. त्यांचा जन्म १८६४ साली झाला. तरुणपणी ते गोठ्यांमध्ये गडी म्हणून राबले. १८८९ साली त्यांनी टोकियोत, आजच्या किनशिचो स्थानकाजवळ, स्वतःचा छोटा गोठा सुरू केला. पहाटे उठून धार काढायची, शेण भरायचे, वैरण टाकायची, दूध पोचवायचे, अशी कामे ते करत. उरलेल्या वेळात ते कविता लिहीत. गुराख्यानेही कविता करावी, असे त्यांना मनापासून वाटे.

१९१० सालच्या ऑगस्ट महिन्यात टोकियोत मोठा पूर आला. साचिओंचा गोठा सखल भागात होता. पाणी गोठ्यात शिरले. गाई भेदरल्या. साचिओंनी माणसे जमवली आणि गाई दाव्याला धरून पाण्यातून सुरक्षित जागी नेल्या. दुभती गाय पाण्यातून नेणे सोपे नसते. ती दोरी ओढते, मध्येच थांबते, मागे वळते. तिला धीर देत देत पुढे न्यावे लागते. या पुराविषयी साचिओंनी नंतर एक लेख लिहिला. आज किनशिचो स्थानकाजवळ त्यांच्या गोठ्याची आठवण म्हणून शिळा उभी आहे.

शहरात गोठे वाढले, तशा अडचणीही वाढल्या. दाट वस्तीत शेणामुताची घाण साचू लागली. माश्या वाढल्या. गाय आजारी असली, तर दुधातून रोग माणसांत येऊ लागला. क्षयासारखा भयंकर रोगही आजारी गाईच्या कच्च्या दुधातून येऊ शकतो. म्हणून सरकारने नियम केले. दूध काढणाऱ्यांसाठी टोकियोत १८७३ सालीच नियम केले गेले. १९०० साली साऱ्या देशासाठी दुधाचे कडक नियम आले. दाट वस्तीतील गोठे हळूहळू शहराच्या कडेला गेले.

आपल्या मुंबईतही असेच घडले. मुंबईत घरांच्या दाटीत म्हशींचे तबेले होते. ते शहराबाहेर हलवण्यासाठी १९४९ साली गोरेगावजवळ आरे दूध वसाहत उभी राहिली. तेथील झाडीत वारल्यांचे जुने पाडेही आहेत.

पहाटेचे काम

आता आजच्या टोकियोतील गोठ्यात जाऊ या. टोकियोच्या मध्यभागापासून पश्चिमेला सुमारे चाळीस किलोमीटरवर हाचिओजी नावाचा भाग आहे. तेथे काही शेतकरी आजही गाई पाळतात. त्यांतील इसोनुमा नावाचा गोठा मुलांच्या आवडीचा आहे. गोठ्याच्या जवळच घरे आहेत. वास आला तर शेजारी तक्रार करतील. म्हणून गाईंच्या अंगाखाली कॉफीच्या आणि कोकोच्या बियांची टरफले पसरतात. त्यांमुळे वास कमी होतो, जमीन कोरडी राहते आणि शेवटी त्याचे चांगले खत होते. येथे एकाच गाईच्या दुधाचे दही तयार करून त्यावर त्या गाईचे नाव छापतात. दही कोणत्या गाईने दिले, हे खाणाऱ्याला कळते.

जपानमधील गोठ्यांत धार यंत्राने काढतात. पण यंत्र लावण्याआधी माणसाच्या हातांना बरेच काम असते. ते काम नीट पाहा.

प्रथम माणूस आपले हात स्वच्छ धुतो. गाईजवळ जाताना तो हळू आवाजात बोलतो. मग प्रत्येक सडातून पहिल्या दोन-चार धारा हाताने एका वेगळ्या भांड्यात काढतो. त्या धारांत गुठळ्या, रक्त किंवा पाण्यासारखा पातळपणा आहे का, हे तो बघतो. तसे काही दिसले, तर त्या गाईचे दूध बाकीच्या दुधात मिसळत नाहीत.

नंतर सड पुसून स्वच्छ व कोरडे करतात. प्रत्येक गाईसाठी वेगळे फडके घेतात. एका गाईच्या सडावरचे जंतू दुसरीला लागू नयेत, हा त्यामागचा हेतू असतो. मग यंत्राच्या चार वाट्या चार सडांना लावतात. यंत्र मिनिटाला साधारण साठ वेळा सड ओढते आणि सोडते. वासरू दूध पिताना ओढते, थांबते, पुन्हा ओढते. यंत्राने वासराचीच नक्कल केली आहे!

दूध संपले, की वाट्या लगेच काढतात. सड आयोडीनसारख्या औषधी पाण्यात बुडवतात. दूध नळीतून थंड टाकीत जाते. कासेतून निघालेले दूध गाईच्या अंगाइतकेच गरम असते. गरम दुधात जंतू भराभर वाढतात. म्हणून ते लवकर गार करतात. नंतर कारखान्यात दूध तापवून जंतू मारतात आणि मग बाटल्या किंवा डबे भरतात. जपानमधील शाळांत दुपारच्या जेवणाबरोबर मुलांना दूध मिळते. त्या दुधामागे कोणाची तरी पहाट असते.

पान्हा म्हणजे काय?

गाईच्या कासेत दूध तयार होते, ते रक्तातून आलेल्या अन्नापासून. एक लीटर दूध तयार व्हायला कासेतून सुमारे ४०० ते ५०० लीटर रक्त वाहावे लागते. म्हणून दुभत्या गाईला भरपूर चारा आणि भरपूर पाणी हवे.

कासेत दूध असले, तरी ते आपोआप बाहेर येत नाही. वासराने ढुशा दिल्या, कास चोळली किंवा धारेच्या भांड्याचा ओळखीचा आवाज झाला, की गाईच्या मेंदूला निरोप मिळतो. मेंदूतून एक द्रव रक्तात येतो आणि कासेपर्यंत पोचतो. मग कास दूध सोडते. यालाच आपण ‘गाय पान्हावली’ असे म्हणतो. हा पान्हा साधारण पाच ते सात मिनिटे टिकतो. तेवढ्या वेळात धार पुरी झाली पाहिजे. मध्येच गप्पा मारत बसले, तर दूध कासेतच राहते.

गाय घाबरली, तिला कोणी मारले, कुत्रे भुंकले किंवा अनोळखी माणसाने आरडाओरडा केला, तर ती पान्हा चोरते. ती मुद्दाम चोरी करते असे नाही. भीतीमुळे तिच्या शरीरात दुसरा द्रव येतो आणि तो पान्हा अडवतो. ‘गाईजवळ ओरडू नको रे,’ असे आजी सांगते, ते उगीच नव्हे. टोकियोतील शेतकरीही आपल्या मुलांना हेच सांगतो.

आपल्या पाड्यावर

आता टोकियोहून परत येऊ. अहमदनगर जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. त्या जिल्ह्यातील अकोले तालुका आणि नाशिक जिल्ह्यातील इगतपुरीचा डोंगराळ भाग हा डांगी गुरांचा मुलूख. येथे महादेव कोळी, ठाकर आणि इतर लोक डांगी गाई पाळतात. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, काळे टणक खूर आणि तुळतुळीत कातडी, अशी ही गाय असते. तिच्या कातडीतून तेलकट पदार्थ पाझरतो. त्यामुळे सह्याद्रीतला धो धो पाऊस तिच्या अंगावर टिकत नाही, निथळून जातो. भातखाचरांतील चिखलात डांगी बैल न थकता काम करतात. अकोले तालुक्यातील राजूर येथे डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते. तेथे लोक आपली गुरे सजवून आणतात.

डांगी गाय दूध मात्र थोडे देते. दिवसाला साधारण दोन लीटर. टोकियोतील काळी-पांढरी होल्स्टीन गाय दिवसाला पंचवीस ते तीस लीटर दूध देते. म्हणून डांगी गाय कमी प्रतीची ठरते का? मुळीच नाही. होल्स्टीन गाईला अकोल्याच्या पावसात उभी करा. ती आजारी पडेल. डांगी गाईचे काम वेगळे, होल्स्टीनचे काम वेगळे.

आता एक हिशेब करू. वासराला पहिल्या महिन्यात रोज आपल्या वजनाच्या दहाव्या भागाइतके दूध लागते. डांगी वासरू वीस किलोचे असेल, तर त्याला रोज दोन लीटर दूध हवे. गाय देते दोन लीटर! मग चरवीत काय उरणार? टोकियोतील वासरू चाळीस किलोचे असते. त्याला चार लीटर लागते. त्याची आई देते पंचवीस लीटर. तेथे माणसासाठी भरपूर उरते.

म्हणजे ज्याच्याकडे दूध थोडे, त्याला वासराचा वाटा अधिक सांभाळावा लागतो. पाड्यावर घरात चहाला दूध हवे असते. आजारी मुलाला दूध हवे असते. डेअरीत दूध घातले, तर मिठामिरचीचे पैसे सुटतात. वासराचा वाटा काढून घेण्याचा मोह होतो. पण वासरू खंगले किंवा मेले, तर पुढचा बैल गेला, पुढची गाय गेली. शिवाय डांगी गाय वासरू जवळ नसेल तर पान्हावत नाही. म्हणजे आजचे दूधही गेले.

म्हणून पाड्यांवरील जाणती माणसे मध्यम मार्ग काढतात. आधी वासराला सोडतात. ते चारही सडांना तोंड लावते. गाय पान्हावते. मग वासराला गाईच्या तोंडाशी बांधतात. गाय त्याला चाटत उभी राहते. एक माणूस धार काढतो. एक सड किंवा शेवटचे दूध वासरासाठी ठेवतो. शेवटच्या दुधात साय देणारा अंश सर्वांत जास्त असतो, म्हणून ते वासराला फार चांगले. तीन-चार आठवड्यांनी वासरू कोवळे गवत चघळू लागते. मग त्याची भूक गवतानेही भागू लागते आणि घरासाठी थोडे जास्त दूध मिळते.

व्यायल्यानंतर पहिले काही दिवस गाय जे घट्ट, पिवळसर दूध देते, त्याला चीक म्हणतात. चिकाचा खरवस आपल्याला आवडतो. पण चीक हे वासराचे पहिले औषध आहे. त्यात रोगांशी लढण्याची शक्ती असते. जन्मल्यावर एक-दोन तासांच्या आत वासराला चीक मिळालाच पाहिजे. जपानमध्ये तर व्यायल्यानंतर पाच दिवसांपर्यंतचे दूध विकायला कायद्याने बंदी आहे. आपल्या पाड्यावर कायद्याची वाट कशाला बघायची? वासराचे पोट भरल्यावर उरेल, त्याचाच खरवस करावा.

स्वच्छ हात, निरोगी कास

टोकियोतील यंत्र आपल्या पाड्यावर नाही. एक-दोन गाईंसाठी ते घेणे परवडणारही नाही. पण त्या गोठ्यातील चांगल्या सवयी घ्यायला पैसे लागत नाहीत.

गाईच्या कासेला एक आजार होतो. त्याला कासदाह म्हणतात. काही ठिकाणी दगडी असेही म्हणतात. कास सुजते, गरम आणि कडक होते. दुधात गुठळ्या येतात. गाय हात लावू देत नाही, लाथा झाडते. वेळेवर उपचार झाले नाहीत, तर सड कायमचा निकामी होतो. ज्या घरी एकच गाय आहे, त्या घराचे त्याने मोठे नुकसान होते. हा आजार बहुधा घाणीतून येतो. सडाच्या तोंडाला बारीक भोक असते. धार काढल्यावर ते सुमारे अर्धा तास उघडे राहते. तेवढ्यात गाय शेणात बसली, तर जंतू आत शिरतात.

म्हणून धार झाली, की गाईपुढे चारा टाकावा. ती खाण्यात गुंतते आणि उभी राहते. तेवढ्यात सडाचे तोंड मिटते. किती सोपा उपाय आहे, नाही का?

धार काढण्याच्या रीतीतही फरक असतो. काही जण अंगठा आत दुमडून त्याच्या सांध्याने सड दाबतात. त्याने सडाला आतून इजा होते आणि गाईला दुखते. त्यापेक्षा मुठीने धार काढावी. सड पुऱ्या मुठीत धरावा. अंगठा आणि तर्जनी यांनी वरचे टोक बंद करावे. मग एकेक बोट वरून खाली दाबत यावे. सड खाली ओढू नये. काही जण बोटे दुधात बुडवून ओली करतात. तसे करू नये. ओल्या हातावरची घाण थेंबाथेंबाने दुधात उतरते. हात कोरडे असावेत आणि नखे कापलेली असावीत.

वासरू आधी पिते, तेव्हा त्याची लाळ सडांना लागते. म्हणून वासरू बाजूला केल्यावर सड धुऊन कोरड्या, स्वच्छ फडक्याने पुसावेत. पहिल्या दोन धारा काळ्या फडक्यावर किंवा वेगळ्या वाटीत काढून पाहाव्यात. काळ्या रंगावर पांढऱ्या गुठळ्या लगेच दिसतात. गुठळी दिसली, तर त्या दिवशीच गुरांच्या डॉक्टरांना दाखवावे. गाईला औषध चालू असेल, तर डॉक्टर सांगतील तितके दिवस तिचे दूध घरात घेऊ नये आणि डेअरीतही घालू नये. धार संपताच दूध गाळावे आणि झाकावे. पिण्याआधी ते चांगले उकळावे.

दोन्हीकडचे शहाणपण

टोकियोतील गोठ्यांकडून आपण स्वच्छता शिकावी, हे खरे. पण आपल्या पाड्याकडून टोकियोने काही शिकण्यासारखे आहे का? हो, आहे. तेथे वासरू जन्मल्यानंतर लवकरच आईपासून वेगळे करतात आणि त्याला बाटलीने किंवा बादलीतून दूध पाजतात. आपल्याकडे वासरू आईजवळ वाढते. गाय त्याला चाटते, ते तिला बिलगते. या मायेने दोघांनाही सुख मिळते. आता जगातील काही गोठ्यांतही वासराला आईजवळ जास्त दिवस ठेवून पाहत आहेत.

जपानमध्ये १९६३ साली चार लाखांहून अधिक शेतकरी दुभत्या गाई पाळत होते. त्यांतील बहुतेकांकडे थोड्याच गाई होत्या. २०२३ साली असे तेरा हजारही शेतकरी उरले नव्हते. चारा महाग झाला, शहरे वाढली. पहाटेचे कष्ट करायला तरुण मिळेनात. म्हणून टोकियोच्या गोठ्यांत आता शाळेतील मुलांना बोलावतात. मुले गाईच्या पोटाला हात लावून तिची ऊब अनुभवतात आणि स्वतः धार काढून पाहतात. पिशवीतले किंवा डब्यातले दूध कोठून येते, हे त्यांना तेथे कळते.

तुम्हांला हे कळण्यासाठी तिकीट काढून कोठे जावे लागत नाही. गोठा तुमच्या अंगणात किंवा शेजारीच असेल. उद्या पहाटे लवकर उठा. हात धुवा आणि धार काढणाऱ्या माणसाजवळ शांतपणे बसा. फडके हातात द्या, वासरू धरा, धार झाल्यावर गाईपुढे चाऱ्याची पेंढी टाका. आणि एक काम मात्र आठवणीने करा. चरवी घरात नेण्याआधी वासराच्या पोटाकडे बघा. ते भरलेले दिसले, की मग खुशाल दूध घरात न्या.

शब्दार्थ

चरवी – धार काढण्याचे किंवा दूध ठेवण्याचे भांडे
दावे – गुरे बांधण्याची दोरी
कास – गाई-म्हशींचा दुधाचा अवयव
सड – कासेला असणारी बोंडे, ज्यांतून दूध येते
पान्हा – कासेत उतरलेले दूध
चीक – व्यायल्यानंतरचे पहिले घट्ट दूध
वैरण – गुरांचा चारा
ओस – रिकामे, निर्जन
खंगणे – अशक्त होत जाणे
सखल – खोलगट

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) टोकियो शहराचे जुने नाव काय होते?
(आ) योशिमुनेने पांढरी गुरे कोठे ठेवली?
(इ) इतो साचिओ यांनी आपला गोठा कोणत्या साली सुरू केला?
(ई) डांगी जनावरांचे प्रदर्शन कोठे भरते?

२. कारणे लिहा.
(अ) गाय कधी कधी पान्हा चोरते.
(आ) धार झाल्यावर गाईपुढे चारा टाकावा.
(इ) पहिल्या धारा काळ्या फडक्यावर काढाव्यात.
(ई) टोकियोतील गोठे शहराच्या कडेला गेले.

३. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) शिमोदाच्या अधिकाऱ्यांनी हॅरिसला काय सांगितले?
(आ) मुठीने धार कशी काढतात?
(इ) जुन्या काळच्या शेतकऱ्यांनी दूध वासराला ठेवणे शहाणपणाचे का होते?

४. पुढील कामांचा योग्य क्रम लावा.
सड पुसणे, दूध गाळणे, वासराला सोडणे, हात धुणे, पहिल्या धारा पाहणे, गाईपुढे चारा टाकणे, धार काढणे.

५. हिशेब करा.
एका वासराचे वजन २५ किलो आहे. त्याला पहिल्या महिन्यात रोज किती दूध लागेल? त्याची आई रोज ४ लीटर दूध देत असेल, तर घरासाठी किती उरेल?

६. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा.
पान्हा चोरणे, भरवसा असणे, बिलगणे, मध्यम मार्ग काढणे.

७. उपक्रम
तुमच्या गावातील एका गोठ्यात जा. तेथील आजी-आजोबांना विचारून गाईंची नावे, त्यांच्या जाती आणि धार काढण्याची वेळ वहीत लिहा. वासराला किती दूध ठेवतात, हेही विचारा.